पैसे भरले, पावती आली. पण पुस्तक कुणाचं?

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही किंडलधारकांच्या (किंडल म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) यादीतून दोन पुस्तकं नाहीशी झाली. पैसे मोजून घेतलेली, काहींची अर्धीअधिक वाचूनही झालेली. चोरी नव्हती आणि यंत्राचा बिघाडही नव्हता. ॲमेझॉननेच ती दूर बसून पुसली होती. ज्या विक्रेत्याने ती पुस्तकं दुकानात आणली त्याच्याकडे अमेरिकेत ती विकायचे हक्कच नव्हते. हे कळल्यावर कंपनीने विक्री थांबवली, लोकांचे पैसे परत केले आणि लोकांच्या हातातल्या प्रतीही काढून घेतल्या. ती पुस्तकं होती जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. नको असलेला मजकूर सरकार कसा नाहीसा करतं याबद्दलचंच पुस्तक नाहीसं झालं म्हटल्यावर वर्तमानपत्रांना मथळा शोधत बसावं लागलं नाही.

मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने दावा लावला. त्याने अभ्यासासाठी पुस्तकात टिपणं काढली होती. ती उरली, पण कुठल्या ओळीवरची हे पाहायला पुस्तकच उरलं नव्हतं. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली आणि आपण मूर्खपणा केला असंही मान्य केलं. दावा पुढे तडजोडीत मिटला.

माफी मिळाली, पैसेही परत आले, तरी एक प्रश्न तसाच राहिला. छापील पुस्तक विकणाऱ्या दुकानदाराला, त्याची कितीही चूक झालेली असो, रात्री आपल्या घरात शिरून कपाटातून पुस्तक काढून नेता येत नाही. मग इथे ते कसं जमलं? आणि मुळात ती विक्री होती का?

याचं उत्तर समजून घ्यायला आधी कागदाच्या पुस्तकाकडे जायला हवं. दुकानातून कादंबरी आणली की आपल्या हातात दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक म्हणजे कागद, शाई, पुठ्ठा यांची वस्तू. दुसरी म्हणजे त्यातलं लेखन. वस्तू आपली होते. लेखनावरचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडेच राहतो. म्हणून कादंबरी झेरॉक्स करून शंभर प्रती विकता येत नाहीत, तिच्यावर परवानगीवाचून सिनेमा काढता येत नाही. पण ती एक प्रत भाच्याला द्या, रद्दीत घाला, दुप्पट भावाने विका, प्रकाशकाला त्यात बोलायला जागा नाही.

हे आपसूक ठरलेलं नाही, त्यासाठी कोर्टात भांडणं झाली आहेत. अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने कादंबरीवर छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकलं तर तो कॉपीराइटचा भंग मानला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती सरळ ८९ सेंटला विकायला काढली. १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचं नियंत्रण राहत नाही. यालाच पहिल्या विक्रीचं तत्त्व म्हणतात. पहिल्यांदा विकताना प्रकाशकाने आपला मोबदला घेतला, त्या प्रतीपुरता त्याचा विषय तिथे संपला.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १४ मध्ये हेच आहे, फक्त शब्द वेगळे. लेखनाच्या प्रती लोकांमध्ये वितरित करण्याचा हक्क हक्कधारकाचा, पण आधीच वितरणात आलेल्या प्रती त्यातून वगळलेल्या. आणि एकदा विकली गेलेली प्रत वितरणात आली असं समजायचं, हे स्पष्टीकरणही तिथेच जोडलेलं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जून-जुलैला जुन्या पाठ्यपुस्तकांची जी उलाढाल चालते किंवा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जे ढीग लागतात, ते सगळं या चार ओळींवर उभं आहे. नव्याच्या निम्म्या किमतीत अभियांत्रिकीची पुस्तकं मिळवून शिकलेल्या पिढ्यांनी हे कलम कधी वाचलं नसेल, पण वापरलं मात्र आहे. गावोगावची वाचनालयंही यावरच चालतात. ग्रंथपाल एक प्रत विकत घेतो आणि ती पाने सुटेपर्यंत दीडशे हातांतून फिरते.

आता हीच गोष्ट फाइलच्या बाबतीत करून पाहा.

तुमच्याकडे एक गाणं आहे, रीतसर पैसे देऊन घेतलेलं. ते मला विकायचं आहे. कागदाच्या पुस्तकासारखं ते हातातून हातात देता येत नाही. तुमच्या संगणकावरून माझ्या संगणकावर पाठवलं की माझ्याकडे नवी प्रत तयार होते आणि तुमची तुमच्याकडेच राहते. तुम्ही प्रामाणिकपणे आपली पुसून टाकलीत तरी मधे एक नवी प्रत तयार झालीच. आणि प्रत तयार करणं हा तर हक्कधारकाचा राखीव हक्क. विकायची मुभा आहे, पण विकण्यासाठी जे करावं लागतं त्याला मनाई आहे, अशी ही अडचण.

रीडिजी नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये यावर तोडगा काढायचा प्रयत्न केला. आयट्यून्स या ॲपलच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेली जुनी गाणी लोकांनी तिच्या बाजारात विकायची. फाइल विकणाऱ्याच्या संगणकावरून तुकड्यातुकड्याने उचलायची आणि उचललेला प्रत्येक तुकडा त्याच वेळी तिकडे पुसायचा. म्हणजे कुठल्याही क्षणी गाण्याची एकच प्रत अस्तित्वात राहील. कल्पना हुशारीची होती. कॅपिटॉल रेकॉर्ड्स या संगीत कंपनीने दावा लावला. २०१३ मध्ये खालच्या आणि २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने रीडिजीच्या विरोधात निकाल दिला. कोर्टाचा तर्क असा की गाणं शेवटी दुसऱ्या कुठल्यातरी डिस्कवर नव्याने कोरलं जातंच, म्हणजे ती नवी प्रत. अमेरिकेतलं पहिल्या विक्रीचं तत्त्व त्या विशिष्ट वस्तूपुरतं आहे. गाणं विकायचं तर ते ज्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उतरलं ती डिस्कच विका! निकाल कायद्याच्या शब्दांना धरून आहे, पण शंभर रुपयांच्या गाण्यासाठी हार्ड डिस्क कोण विकणार?

युरोपात चित्र काही काळ वेगळं होतं. ओरॅकलचं वापरलेलं सॉफ्टवेअर पुन्हा विकणाऱ्या यूज्डसॉफ्ट या जर्मन कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं की एकरकमी पैसे घेऊन कायमचा वापर दिला असेल तर त्याला परवाना म्हणा की आणखी काही, ती विक्रीच आहे, आणि घेणाऱ्याला ते पुढे विकता येईल. डाउनलोड केलेल्या प्रतीलाही हे लागू. ग्राहकांना वाटलं, जिंकलो. पण डिसेंबर २०१९ मध्ये जुनी ई-पुस्तकं विकणाऱ्या टॉम कॅबिनेट या डच कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांना हा नियम नाकारला. सॉफ्टवेअरसाठी वेगळा कायदा आहे, पुस्तकांसाठी वेगळा, हे एक कारण. दुसरं जास्त पटणारं आहे. ई-पुस्तक जुनं होत नाही. त्याची पानं पिवळी पडत नाहीत, कोपरे दुमडत नाहीत. जुनी प्रत नव्याइतकीच कोरी असेल तर नवी कोण घेईल? लेखक-प्रकाशकांच्या बाजूचा हा युक्तिवाद मला खरोखर वजनदार वाटतो. पुनर्विक्री हवी म्हणणाऱ्यांनी त्याला उत्तर द्यायला हवं, आणि ते सहसा देत नाहीत.

थोडक्यात, कायद्याने ग्राहकाची मालकी वस्तूला बांधली होती. वस्तूच नाहीशी झाली तेव्हा मालकी लोंबकळत राहिली. ती रिकामी जागा करारांनी भरून काढली.

हे करार म्हणजे ‘आय ॲग्री’च्या खाली असलेली ती लांबच लांब पानं. त्यातला मुद्द्याचा भाग दोन-तीन ओळींचा असतो. हा मजकूर तुम्हाला विकलेला नसून वापरायचा परवाना दिलेला आहे. परवाना दुसऱ्याला देता येणार नाही. अमुक परिस्थितीत तो आम्ही काढून घेऊ शकतो. मुंबई-पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांना हे नवीन नाही. लीव्ह अँड लायसन्सवर घर घेतलं की आपण तिथे राहतो, पडदे लावतो, दारावर नावाची पाटीही येते, पण घरात आपला हिस्सा नसतो. फरक एवढाच की कुठलाही घरमालक लीव्ह अँड लायसन्सचं घर ‘विकणे आहे’ अशी जाहिरात देऊन भाड्याने देत नाही.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. परवाना देण्यात काही वावगं नाही. महिन्याचे पैसे भरून सिनेमे पाहणाऱ्याला ते सिनेमे आपले झाले असं वाटत नाही, वर्गणी थांबली की ते दिसणार नाहीत हे त्याला माहीत असतं. पण बटणावर ‘बाय’ लिहायचं, एकरकमी किंमत घ्यायची, ‘रेंट’ नावाचा दुसरा स्वस्त पर्याय शेजारीच ठेवायचा, म्हणजे पहिला पर्याय मालकीचाच आहे असं कुणालाही वाटावं, आणि वाद झाला की कोर्टात सांगायचं की आम्ही विकलं कुठे! ॲपलने कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात खरोखरच असा बचाव मांडला होता की विकत घेतलेला मजकूर कायम उपलब्ध राहील असं कुठल्याही समंजस ग्राहकाला वाटणार नाही. २०२१ मध्ये न्यायाधीशांनी दावा सुरुवातीलाच फेटाळून लावायला नकार दिला. ‘बाय’ म्हटल्यावर सामान्य माणसाला काढून घेता येणार नाही अशी वस्तू मिळाली असंच वाटेल, हे त्यांना पटण्याजोगं वाटलं.

यानंतरची काही वर्षं या भांडणाची खरी वर्षं. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनधारकांना कळवलं की त्यांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस त्यांच्या यादीतून काढले जातील, कारण दोन कंपन्यांमधला करार संपतो आहे. भाड्याचे किंवा वर्गणीचे नव्हेत, विकत घेतलेले. गदारोळ झाला, कंपन्यांनी नवा करार केला आणि कार्यक्रम तेव्हापुरते वाचले. यातली मेख लक्षात घ्या: ग्राहकाने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं, पैसेही थकवले नव्हते. ज्या कराराचा तो भागच नव्हता तो संपला म्हणून त्याची खरेदी संपणार होती.

मग आला ‘द क्रू’. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. एकट्याने खेळायचं असलं तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहणं भाग. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले, सर्व्हरची व्यवस्था आणि परवान्यांच्या मुदती ही कारणं दिली. त्याबरोबर गेम सगळ्यांसाठीच संपला, ज्यांनी दुकानातून डब्यातली डिस्क घेतली होती त्यांच्यासाठीसुद्धा. डिस्क हातात, गेम नाही. शिवाय काही खेळाडूंच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला गेला. याच कंपनीतल्या वर्गणी विभागाच्या प्रमुखाने त्याच वर्षी जानेवारीत म्हटलं होतं की वर्गणीचे गेम रुजायचे तर खेळाडूंना आपले गेम आपल्या मालकीचे नसण्याची सवय व्हावी लागेल. त्या माणसाचं म्हणणं संदर्भासकट वाचलं तर तितकं उद्धट नाही, पण वेळ वाईट होती.

रॉस स्कॉट नावाच्या अमेरिकन यूट्यूबरने यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात अशी सोय आहे की किमान सात देश मिळून दहा लाख नागरिकांनी सह्या केल्या तर युरोपीय आयोगाला त्या मागणीला औपचारिक उत्तर द्यावंच लागतं. जुलै २०२५ मध्ये मोहिमेने तो आकडा ओलांडला. त्यांची मागणी नीट पाहायला हवी, कारण तिचा विपर्यास पुष्कळ झाला. सर्व्हर जन्मभर चालवा असं ते म्हणत नाहीत. बंद करायचं तेव्हा गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच. म्हणजे सर्व्हरशिवाय चालेल असा बदल करा किंवा लोकांना स्वतःचे सर्व्हर चालवू द्या. गेम कंपन्यांच्या संघटनेचं उत्तर असं की खासगी सर्व्हरवर खेळाडूंची माहिती सुरक्षित ठेवणं, बेकायदा मजकूर काढणं हे कोण पाहणार, आणि काही गेम मुळातच ऑनलाइन खेळासाठी बांधलेले असतात, त्यांना असं सोडवणं फार खर्चाचं आहे. आधीच तयार असलेल्या गेमबद्दल हे बरंचसं खरं असावं. पण उद्या बनणाऱ्या गेमबद्दल? पुढे बंद करताना काय करायचं हे आराखड्यातच ठरवलं तर तो खर्च तेवढा राहत नाही.

अमेरिकेतल्या राज्यांच्या कायदेमंडळांपैकी कॅलिफोर्नियाचं सर्वांत आधी हललं. १ जानेवारी २०२५ पासून तिथे नियम आहे की डिजिटल माल विकताना ‘बाय’ किंवा ‘पर्चेस’ असे शब्द वापरायचे असतील तर ग्राहकाला परवाना मिळतो आहे हे ठळकपणे सांगा, किंवा हे समजल्याची वेगळी कबुली त्याच्याकडून घ्या. अटींच्या पानांत पुरून ठेवलेलं चालणार नाही. ज्याची फाइल कायमची उतरवून घेता येते आणि विक्रेत्याला परत घेता येत नाही, अशा मालाला यातून सूट. स्टीम या गेमच्या दुकानाने कायदा लागू व्हायच्या आधीच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. तिचा प्रतिस्पर्धी जीओजी आपल्याकडचे गेम इंटरनेटशिवाय चालणाऱ्या इन्स्टॉलरसकट देतो. त्याने संधी साधून आमचे इन्स्टॉलर कुणी काढून घेऊ शकत नाही अशी जाहिरात केली. हा कायदा कुणाला मालक बनवत नाही, फक्त पाटी खरी लावायला सांगतो. मला तो अपुरा वाटतो, तरी निरर्थक वाटत नाही. पाटी खरी झाली की भाव करता येतो.

आपल्याकडे हा वाद ग्राहकांच्या नव्हे, कराच्या दारातून आला, आणि ती कथा मजेशीर आहे.

आंध्र प्रदेश सरकारने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडून तयार, डब्यातल्या सॉफ्टवेअरवर विक्रीकर मागितला. कंपनीचं म्हणणं होतं की सॉफ्टवेअर ही काही वस्तू नाही, ती हाताला न लागणारी बौद्धिक संपदा आहे, मग विक्रीकर कसला? २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे अमान्य केलं. सीडीवर आलं, बाजारात विकलं-घेतलं जाऊ लागलं की ते ‘माल’ झालं. पुढे आयकर खात्याशी उलट्या बाजूने झगडा झाला. परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर भारतात आणून विकलं तर तिला दिलेले पैसे हा कॉपीराइटचा मोबदला, म्हणजे रॉयल्टी आहे, आणि त्यातून कर कापायला हवा होता, असं खात्याचं म्हणणं. आता सॉफ्टवेअर विकणारेच सांगत होते की आम्ही कॉपीराइट दिलेला नाही, फक्त एक प्रत विकली आहे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. करारावर परवाना असं लिहिलं असलं तरी व्यवहाराचं खरं रूप मालाच्या विक्रीचं आहे, असं म्हणताना न्यायालयाने पहिल्या विक्रीच्या तत्त्वाचाही ऊहापोह केला.

म्हणजे कर लागत असेल तर वस्तू नाही, कर वाचत असेल तर वस्तू आहे, आणि ग्राहक दारात आला तर पुन्हा नाही. वकील म्हणतील की हे प्रश्न वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. ते बरोबर आहेत. २०२१ चा निकाल आयकराचा आणि सॉफ्टवेअरचा आहे, त्यावरून ई-पुस्तकावर तुमची मालकी सिद्ध होत नाही. पण कागदावर काय लिहिलं आहे यापेक्षा व्यवहार खरोखर कसा आहे हे पाहायचं, ही दृष्टी भारतीय न्यायालयाने दाखवली आहे एवढं तरी त्यातून निघतं.

ग्राहकाच्या हातात प्रत्यक्ष असलेलं हत्यार वेगळं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही नवी कल्पना आली. वाजवी कारण नसताना एका पक्षाला एकतर्फी करार संपवायची मुभा देणारं कलम त्यात थेट मोडतं. असा करार किंवा त्यातली अट रद्दबातल ठरवायचा अधिकार राज्य आयोगाला आहे. जिल्हा आयोगाला नाही, हे लक्षात ठेवा, नाहीतर हेलपाटा पडेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीच्या तेरा प्रकारांवर बंदी घातली. वर्गणीच्या सापळ्यापासून मागाहून वाढणाऱ्या किमतीपर्यंत बरंच काही त्यात आहे. परवान्याला ‘बाय’ म्हणण्याचा मात्र वेगळा उल्लेख त्या यादीत नाही. तो यायला हवा.

आणखी एक गोष्ट, कुलुपाची. ई-पुस्तकाला किंवा सिनेमाला डीआरएम नावाचं कुलूप असतं, ज्यामुळे फाइल ठरावीक ॲपशिवाय उघडत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार हे कुलूप फोडणंच बेकायदा, तुम्ही पुढे नक्कल केलीत की नाही हा प्रश्न सहसा येतच नाही, काही अपवाद तेवढे दिलेले आहेत. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, आणि इथे आपल्या कायदेकर्त्यांनी चक्क डोकं वापरलं. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडलं तरच गुन्हा, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप उघडलं तर हे कलम आड येत नाही. खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची आणि सॉफ्टवेअरची राखीव प्रत ठेवायची मुभा कलम ५२ मध्ये आहे. याचा अर्थ इंटरनेटवरचं कुठलंही कुलूपतोड साधन बिनधास्त वापरा असा नाही. कंपनीबरोबरच्या कराराचा भंग होऊन खातं बंद पडू शकतं, ते कायद्याहून जास्त झोंबतं.

सगळ्यांत जास्त नुकसान मला वाचनालयांचं दिसतं. छापील पुस्तक घेऊन उसनं द्यायला ग्रंथपालाला कुणाला विचारावं लागत नाही. ई-पुस्तक मात्र त्याला प्रकाशकाच्या अटींवरच घ्यावं लागतं. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये अमेरिकेत नियम केला की एक ई-पुस्तक २६ वेळा वाचायला दिलं की परवाना संपला, नवा घ्या. कधीच न फाटणाऱ्या पुस्तकाला फाटण्याची तारीख लावून दिली. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने वेगळी वाट काढली: आपल्याकडे छापील प्रत आहे तितक्याच लोकांना एका वेळी तिची स्कॅन केलेली प्रत द्यायची. मार्च २०२० मध्ये करोनाने वाचनालयं बंद पडली तेव्हा संस्थेने ही मर्यादाही उठवली, आणि जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी दावा ठोकला. मर्यादा उठवणं ही घोडचूक होती असं माझं मत आहे. पण कोर्टाने केवळ त्या काही आठवड्यांवर बोट ठेवलं नाही. २०२३ मध्ये आणि अपिलात सप्टेंबर २०२४ मध्ये एकास एक प्रमाणात देण्याची मूळ कल्पनाच कॉपीराइटचा भंग ठरली. प्रकाशकांच्या मागणीवरून पाच लाखांहून जास्त पुस्तकं त्या संग्रहातून उसनी मिळेनाशी झाली.

भारतात कलम ५२ मध्ये २०१२ पासून एक छोटी सोय आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत त्याला ठेवता येते. आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांची ग्रंथसंग्रहालयं आहेत, त्यांच्या कपाटांत हात लावला की भुगा होणारी मासिकं आहेत. त्यांच्यासाठी हे कलम मोलाचं. मात्र त्यात शब्द ‘जतन’ असा आहे. कॉपीराइट शिल्लक असलेलं पुस्तक स्कॅन करून घरबसल्या वाचायला द्यायची मुभा त्यातून मिळत नाही.

राहिला वारशाचा प्रश्न. घरातलं कुणी गेलं की पुस्तकांच्या कपाटाचं काय करायचं यावर भावंडांत वाद होतील, पण ते कपाट वारसांचं आहे यात वाद नसतो. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारसाला खातं उघडता यावं अशी सोय दिली. फोटो, चिठ्ठ्या, फायली मिळतात. विकत घेतलेली गाणी, सिनेमे, पुस्तकं त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. स्टीमही खातं मृत्युपत्राने दुसऱ्याच्या नावे करू देत नाही. प्रत्यक्षात लोक पासवर्ड वहीत लिहून ठेवतात आणि काम भागवतात.

परदेशी जाणाऱ्यांना यातला एक तुकडा जिवंतपणीच अनुभवायला मिळतो. खात्याचा देश बदलला की काही खरेदी नव्या देशाच्या दुकानातून पुन्हा उतरवून घेता येत नाही, कारण परवाने देशनिहाय असतात. पुण्याहून सिएटलला जाताना सुटकेसमध्ये भरलेली पुस्तकं विमानतळावर कुणी अडवत नाही. खात्यातली पुस्तकं अडू शकतात. देश बदलायच्या आधी सगळं उतरवून घ्या, असं या कंपन्यांची मदतीची पानंच सांगतात.

हेच एरवीही करण्यासारखं आहे. एखादी गोष्ट जन्मभर हवी असेल तर घेण्याआधी एवढंच पाहा की फाइल आपल्या डिस्कवर येते का आणि त्या दुकानाच्या ॲपशिवाय उघडते का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर करारात काहीही लिहिलेलं असलं तरी ती कुणी दूर बसून पुसू शकत नाही. ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत मराठी पुस्तकं साध्या पीडीएफमध्ये येतात, ती या कसोटीला उतरतात. उत्तर नाही असेल तर ते भाडं आहे असं समजून किंमत पटते का ते ठरवा. फाइल उतरवायची सोय आज आहे म्हणून उद्या असेल असंही धरू नका. किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायचा पर्याय वर्षानुवर्षं होता. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने तो बंद केला.